धनावरचा नाग

पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर चालत आलेली आहे. मालक मरतो, पण त्याची वासना मरत नाही. ती नागरूपाने हंड्याभोवती वेटोळे घालून राहते. २०१८ साली पडद्यावर आलेल्या ‘तुंबाड’ या हिंदी भयपटात याच जातीची कल्पना आहे. कोकणातील एका वाड्याखाली हस्तर नावाचा शापित देवपुत्र कोंडलेला असतो. त्याच्या कमरेच्या वस्त्रातील मोहरांसाठी विनायक पुनःपुन्हा खाली उतरतो आणि अखेर स्वतःच शापाचा धनी होतो. बापाने पुढे केलेले धन मुलगा मात्र नाकारतो. ज्याचा लोभ, त्यालाच शाप, असा कथेचा न्याय आहे. इतिहासाचा न्याय इतका सरळ असतो काय? या प्रश्नाचे उत्तर जयपूरच्या एका प्रकरणात सापडते, आणि त्यात धन मागणारे मराठेच होते.

जयपूर वसविणारा सवाई जयसिंग १७४३ मध्ये निवर्तला. थोरला पुत्र ईश्वरीसिंग गादीवर बसला. परंतु उदयपूरच्या राजकन्येचा पुत्र माधोसिंग यानेही गादीवर हक्क सांगितला. दोघांनीही मराठ्यांचे साहाय्य मागितले आणि दोघांनीही त्यासाठी पैसा कबूल केला. शिंद्यांचा कल एकाकडे, तर होळकरांचा दुसऱ्याकडे. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंगाने जय मिळविला. त्याचे स्मारक म्हणून उभारलेली सात मजली ईश्वरलाट जयपुरात आजही दिसते. पण पुढच्याच वर्षी बगरू येथे मल्हारराव होळकरांपुढे त्याला नमावे लागले. भावाला परगणे तोडून देणे आणि मराठ्यांना मोठी रक्कम देणे त्याच्या कपाळी आले.

रक्कम कबूल झाली, ती फिटेना. जयपूरचा खजिना युद्धांनी रिता झाला होता. इकडे नानासाहेब पेशवे कर्जात बुडालेले. उत्तरेतून पैसा यावा म्हणून सरदारांना त्यांचा तगादा, आणि सरदारांचा राजाला. केशवदासासारख्या कर्त्या दिवाणाला राजाने कारस्थान्यांच्या सांगण्यावरून आधीच विष दिले होते. संकटात सल्ला देणारा माणूस उरला नव्हता. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव फौजेसह जयपूरवर चालून आले. तेव्हा ईश्वरीसिंगाने विष घेतले आणि वर नागाचा दंश करवून घेतला. लोककथेतला नाग धनाची राखण करतो. जयपूरचा राजा धनाच्या तगाद्यातून सुटण्यासाठी नागाला शरण गेला.

माधोसिंगाला गादी मिळाली, पण मराठ्यांची मागणी थांबली नाही; ती वाढली. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या तळावरील हजारो माणसे नवे, देखणे शहर पाहण्यासाठी निःशंकपणे आत गेली. वेशी बंद झाल्या. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालली. समकालीन पत्रांच्या आधारे यदुनाथ सरकारांनी मृतांची संख्या तीन हजारांच्या घरात दिली आहे. त्यांपैकी किती जणांनी खंडणीचा आकडा ठरविला होता? ज्यांनी ठरविला, ते वेशीबाहेर सुखरूप होते. राजाच्या मरणाने संतापलेल्या शहराने सूड घेतला खरा. पण तो भलत्यांवरच घेतला.

या व्यवहाराचा शेवट त्या दिवशीही झाला नाही. दहा वर्षांनी, १७६१ मध्ये, पानिपतावर मराठे अब्दालीसमोर उभे राहिले, तेव्हा माधोसिंग दूर राहिला. पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत. तरीही उत्तरेत मराठ्यांना मित्र का उरले नाहीत, याचा शोध जयपूरच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचतो.

भयकथेत लोभी माणसाला गिळायला राक्षस लागतो. जयपुरात तशा कोणाची गरज पडली नाही. कर्जाचे आकडे, मोडलेली वचने आणि सत्तेची घाई एवढ्यावर काम भागले. आणि कथेतल्या मुलाप्रमाणे पुढे आलेले धन नाकारणारा कोणी या साऱ्या प्रकरणात निघाला नाही.