परमिट रूम आणि मावशींची खानावळ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

मागच्या महिन्यात नागपूरच्या भाचेजावयांचा फोन आला. तीन दिवसांसाठी मुंबईला येणार होते. "मामा, चांगलं जेवण कुठं मिळेल आणि एखादं बरं वाइन शॉप कुठं आहे, तेवढं सांगून ठेवा." आता मी आयुष्यभर पोरांना मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. राहतो डोंबिवलीत, बाहेरचं सोसत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नात तर माझा अनुभव शून्य! पण इतिहासाच्या मास्तरांना काही विचारलं की ते उत्तराऐवजी पार्श्वभूमी सांगत बसतात. जावईबापूंनी फोनवर दहा मिनिटं सोसलं. उरलेलं इथे लिहितो.

मी पहिल्यांदा मुंबई पाहिली ती १९६७ च्या मे महिन्यात, मॅट्रिकची परीक्षा देऊन. काका लालबागला गिरणीत होते. संगमेश्वराकडची आठ-दहा माणसं एका खोलीत राहायची. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच वळकटीवर आडवं व्हायचं. स्वयंपाकाचा प्रश्नच नव्हता. जेवण खालच्या मजल्यावर मावशींच्या खानावळीत.

खानावळ म्हणजे काय, तर त्यांचीच दहा बाय बाराची खोली. दारावर पाटी नाही. जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणायचे, आणि मेंबर व्हायचं तर कुणीतरी ओळखीचा लागायचा. पैसे महिन्याने, पगार झाला की. मी चार दिवस जेवलो. पाहुणा म्हणून माझ्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्त पडायची, आणि बाकीचे मेंबर त्यावरून मला चिडवायचे.

पुढे वाचनातून एक गोष्ट लक्षात आली. मुंबईतल्या जुन्या खाण्याच्या जागा हौसेतून कमी आणि एकट्या पुरुषांच्या भुकेतून जास्त निघाल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द-केरमान भागातले झरतुष्ट्री इथे आले आणि त्यांनी चहा-ब्रुनमस्क्याची दुकानं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बेलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० चं. माटुंग्याला स्टेशनाजवळ रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग १९४२ चं, केळीच्या पानावर जेवण. 'बोर्डिंग' हा शब्दच सांगतो की ते कुणासाठी होतं. कचेरीतल्या दाक्षिणात्य कारकुनांना घरचा भात हवा होता, कोकणातल्या माणसाला माशाचं कालवण. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम माशांसाठी आणि वाढप्यांच्या फटकळपणासाठी सारखंच प्रसिद्ध होतं. आता ते बंद झालं.

म्हणून जावईबापूंना सांगितलं, की दिव्यांची रोषणाई बघू नका. दुपारी एक वाजता, त्याच भागात नोकरी करणारी माणसं कुठं शिरतात ते बघा.

आता दुसरा प्रश्न. मुंबईत अजून काही बारवर 'परमिट रूम' अशी पाटी दिसते. शाळेच्या सहलीत एका पोराने मला विचारलं होतं, "सर, कसलं परमिट?" तेव्हा मी त्याला गप्प केलं. खरं तर उत्तर द्यायला हवं होतं, कारण तो इतिहासाचाच प्रश्न होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. महायुद्धाच्या प्रश्नावर ते मंत्रिमंडळ त्याच वर्षी पायउतार झालं आणि बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी. बंदी इतकी कडक, की औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांतल्या अल्कोहोलवरून बलसारा नावाच्या गृहस्थांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ मध्ये न्यायालयाने तेवढी कलमं रद्द केली. बाकी कायदा राहिला.

ज्याला प्यायची असेल त्याने डॉक्टरचा दाखला आणून प्रकृतीच्या कारणासाठी परवाना घ्यायचा. असे परवानेवाले हॉटेलच्या ज्या खोलीत बसत ती परमिट रूम. म्हणजे जेवायला ओळख लागायची आणि प्यायला आजारपण!

हे सारं पैसेवाल्यांचं. गिरणीकामगाराला कोण दाखला देणार? त्याच्यासाठी हातभट्टी होती, आंटीचे अड्डे होते. नवटाक हे आमच्या पाढ्यांच्या पुस्तकातलं माप, अर्धा पावशेर. मुंबईत त्याचा अर्थ वेगळाच आहे हे मला काकांच्या खोलीत कळलं. त्या खोलीतला एक जण असाच कुठंतरी पिऊन आला आणि सकाळी उठला तो डोळे गमावूनच. मी गावी परतल्यानंतरची ही गोष्ट. काका त्याबद्दल कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी थेंब घेतला नाही.

पुढे वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, दुकानं उघडली. पण हातभट्टी संपली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. १९४९ चा कायदाही गेलेला नाही, फक्त नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आलं. आजही कागदोपत्री परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, बाकीच्यासाठी २५. आणि दुकानाला 'वाइन शॉप' म्हणतात खरं, पण आत बहुतेक फळ्यांवर व्हिस्की आणि रम. द्राक्षाची खरी वाइन नाशिककडे नव्वदीनंतर रुजली. जावईबापूंना तीच हवी होती. मी म्हटलं, छापील किंमत बघा, बिल मागून घ्या, आणि रस्त्याकडेला कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर पाय काढा. मास्तरकी सुटत नाही, काय करणार!

असो. खानावळीचं राहिलंच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद, तरी मावशी वाढत राहिल्या. किती खानावळी अशा चालल्या असतील! या बायका मुळात सावकाराच्या कर्जात बुडालेल्या, दागिने गहाण टाकून धान्य आणणाऱ्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. आमच्या मावशी त्यात होत्या का, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. काकांनी पाच महिने उधारीवर जेवून शेवटी गाव गाठलं. गिरणीत परत गेले नाहीत.

त्यांच्या वहीत तो आकडा होता, ३८५ रुपये. वारण्यापूर्वी त्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "एवढं देऊन ये." मी १९८८ च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. चाळ होती. खालच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. मावशी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गेल्या, कुणी म्हणालं विरारला, कुणी म्हणालं पनवेलला. आडनाव विचारलं तर मला सांगता येईना. सगळे मावशीच म्हणायचे. विरारला दोन दिवस फिरलो.

जावईबापू परवा येऊन गेले. माटुंग्याला पानावर जेवले, खूश होते. संध्याकाळी लोअर परळला फिनिक्समध्ये गेले होते म्हणाले, मोठमोठी हॉटेलं, भाव ऐकून घाम फुटला. मी सांगितलं, ती गिरणी होती. "हो का?" म्हणाले, आणि मग त्यांनीच विचारलं, "मग मामा, ते पैसे?"

पोस्टात ठेवले होते. पासबुक अजून कपाटात आहे.