आतषबाजी कोणाची, गाव कोणाचं?

दिवाळी संपली तरी जळगावचे फटाके संपत नाहीत. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो आणि आतषबाजी पुन्हा सुरू होते. ती बघताना 'हे आपलं गाव' असं जे वाटतं, त्यालाही इतिहास आहे. आज त्याबद्दल थोडं बोलू.

शोभेची दारू आधी राजेरजवाड्यांची होती. प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक हकीकत येते. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका करून जाळतात, असं महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं. मग तसाच खेळ पुण्यात पर्वतीपाशी झाला. पेशवे आणि सरदार टेकडीवर बसले, पुणेकर पायथ्याशी जमले. आभाळ एकच, पण कोणी कुठून बघायचं हे ठरलेलं!

आता खान्देशात या. 1819 मध्ये धुळ्यात जेमतेम 401 घरं आणि 2,509 माणसं होती. कॅप्टन ब्रिग्जने ते जिल्ह्याचं ठाणं केलं, व्यापाऱ्यांना घरांसाठी फुकट जागा दिल्या. 1872 पर्यंत वस्ती 12,489 झाली. जळगाव वाढलं ते रेल्वे आणि कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इथल्या बाजाराला तेजी आली. म्हणजे काय, तर दोन्ही शहरांत बाहेरून आलेली माणसं पुष्कळ. व्यापारी, कारकून, मजूर, प्रत्येकाचं मूळ गाव दुसरीकडेच.

जळगावचा रथोत्सव अप्पा महाराजांनी सुरू केला तोही 1872 मध्येच. हा रथ एका जागी बसून बघायचा नसतो, तो गल्लीगल्लीतून तुमच्या दारी येतो. दोर ओढायला शेकडो हात लागतात. उतारावर, वळणावर चाकाखाली लाकडी मोगरी लावणारे वेगळे. त्यांचा अंदाज चुकला तर रथ घरावरच जायचा! वाटेत भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढते. बघणारा आणि करणारा असा भेद इथे फारसा उरत नाही. पर्वतीच्या खेळापेक्षा वेगळं काही असेल, तर ते हेच.

नंतर शिवकाशीचा स्वस्त माल आला. फुलबाज्या, भुईनळे घरोघरी पोचले. आनंद वाढला, पण ज्याच्या खिशात पैसे त्याचा आवाज मोठा, असंही झालं. आता नवीन कॉलन्यांमध्ये प्रत्येकाची दिवाळी आपापल्या गेटपाशी. शेजारचा तान्हा दचकतो, म्हातारं माणूस कानावर हात ठेवतं, ते आपल्याला दिसतही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गाव आपलं वाटतं ते दारू उडाली म्हणून नव्हे, ती सगळ्यांनी एका रस्त्यावर उभं राहून बघितली म्हणून. जळगावात नवीन राहायला आला असाल, तर यंदा एकादशीला जुन्या गावात जाऊन या. गाडी मात्र लांब लावा.