कोसबाडची टेकडी आणि गोष्टीचे ठोकळे

डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पुढे ते जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर नेले. ताराबाई त्याआधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करत होत्या आणि १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातही ताराबाई आणि गिजुभाई या दोघांचा पुढाकार होता. माँटेसरी पद्धत ताराबाईंनी भावनगरलाच मुरवली. मूल हाताने शिकते आणि चूक त्याला हातातली वस्तूच दाखवते, हे या पद्धतीचे मर्म. लाकडी दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर तो नीट बसत नाही. बाईंना काही बोलावे लागत नाही.

माँटेसरीची लाकडी साधने महाग होती. वारली आदिवासींच्या पाड्यांवर त्यांच्या जागी बिया, खडे, शंखशिंपले, पाने, फुले आणि माती आली. ही निव्वळ काटकसर नव्हती. ओळखीच्या वस्तूशी मूल बिचकत नाही, हे या दोघींनी अचूक हेरले होते. तरीही मुले शाळेकडे फिरकत नसत. कुणाला गुरे राखायची असत, कुणाला धाकटे भावंड कडेवर घेऊन बसायचे असे. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. आणि गुरांमागे रानात गेली, ती कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

याच विचाराचा दुसरा धागा संगणकाकडे गेला. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे काम केलेले सीमोर पॅपर्ट हे १९६७ मध्ये तयार झालेल्या लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या जनकांपैकी एक. पियाजे स्वतः स्वित्झर्लंडमधल्या माँटेसरी संस्थेचे अध्यक्ष राहिलेले. पॅपर्ट यांचा वारसा चालवणाऱ्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने एमआयटीतून २००७ साली स्क्रॅच ही मुलांसाठीची संगणकभाषा खुली केली. या गटाचे नावच ‘आजन्म बालवाडी’ अशा अर्थाचे आहे. स्क्रॅचमध्ये आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरचे पात्र चालते, बोलते. जे ठोकळे जुळायचे नाहीत ते अडकतच नाहीत. खाचेत न बसणाऱ्या दट्ट्याचे हे सख्खे भावंड.

स्क्रॅचमध्ये अशी चालती-बोलती गोष्ट रचायला डहाणू-तलासरीच्या मुलाला पात्रे शोधत लांब जावे लागत नाही. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे मुळात लग्नातल्या चौकाची, सवाशिणींच्या हातची. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणली आणि रोजच्या जगण्यातल्या गोष्टी त्यांत भरल्या. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर वाटोळे डोके आणि काडीसारखे हातपाय, एवढ्यात माणूस उभा राहतो. त्याचे पाय फक्त बदलून दुसरे चित्र काढावे आणि दोन्ही आलटून पालटून दाखवावीत, की तो चालू लागतो.

वारल्यांच्या तारपा नाचाचा फेर घ्यावा. मधे तारपा हे वाद्य वाजवणारा तारपकरी, भोवती नाचणारे. एका नाचणाऱ्याला दोन ठोकळे द्यावेत, ‘१० पावले चाल’ आणि ‘१० अंश वळ’, आणि ते ३६ वेळा परत करणाऱ्या ठोकळ्यात बसवावेत. फेर बरोबर पुरा होतो. वळण्याच्या ठोकळ्यात १० ऐवजी ९ पडले, तर ३६ वळणांत ३२४ अंशच होतात. नाचणारा निघाल्या जागी पोचत नाही, फेर उघडा राहतो. मूल ते पाहते आणि आकडा बदलून खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा पुन्हा दाबते.