अपोफिस (९९९४२)

पृथ्वीची कक्षा ओलांडणारा एक लघुग्रह. १९ जून २००४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या किट पीक येथून रॉय टकर, डेव्हिड थोलन आणि फॅब्रिझिओ बर्नार्डी यांनी तो शोधला. आरंभीची नोंद ‘२००४ एमएन४’. पुढे मिसरी पुराणातल्या, सूर्यदेवाशी वैर धरणाऱ्या सर्पाचे नाव त्याला मिळाले.

कक्षा व आकार : अपोफिस सूर्याभोवतीची फेरी सुमारे ३२४ दिवसांत पुरी करतो. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीपेक्षा कमी, ०.९२ खगोलीय एकक. म्हणून तो एटेन गटात मोडतो. उपसूर्य बिंदूशी तो शुक्राच्या कक्षेजवळ पोहोचतो, तर अपसूर्य बिंदूशी पृथ्वीच्या कक्षेबाहेर असतो. हा खडकाळ लघुग्रह सरासरी ३४० मीटर व्यासाचा, पण लांबट आहे आणि गिरक्या घेताना डोलतो.

टकरीची शक्यता : डिसेंबर २००४मध्ये गणिताने भीतीच घातली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली आणि धोका मोजणाऱ्या टोरिनो श्रेणीवर त्याला ४ हा अंक मिळाला. इतका वरचा अंक दुसऱ्या कोणत्याही लघुग्रहाला मिळालेला नाही. त्याच महिन्यात, मार्च २००४च्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला. वेधांचा काळ मागे लांबताच कक्षा अधिक नेमकी ठरली आणि २०२९ची टक्कर बाद झाली.

२०३६मध्ये टक्कर होण्याची शंका २०१३मध्ये मिटली. २०६८ची मात्र रेंगाळली, कारण सूर्याने तापलेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकताना लघुग्रहाला अत्यंत हलका रेटा देतो आणि कक्षा वर्षागणिक किंचित सरकते. मार्च २०२१मध्ये तो १.७ कोटी किमी अंतरावरून जात असताना गोल्डस्टोन आणि ग्रीन बँक येथून रडारवेध घेतले गेले. त्यानंतर नासाने पुढील किमान शंभर वर्षे धोका नसल्याचे जाहीर केले.

२०२९ची भेट : भारतात १४ एप्रिलची पहाट, सव्वातीनचा सुमार असेल, तेव्हा अपोफिस भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किमीवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल. त्याची दृश्यप्रत ३च्या आसपास असल्याने युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा मोठी होऊन तो सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीपेक्षा जास्त असणाऱ्या अपोलो गटात जाईल.

बेन्नू या लघुग्रहाची माती आणणारे नासाचे यान ‘ओसायरिस-एपेक्स’ या नव्या नावाने त्याच्याकडे वळवण्यात आले आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘रामसेस’ मोहिमेचा बेत भेटीआधीच तिथे पोहोचून त्याच्या गिरकीत व पृष्ठभागावर होणारे बदल टिपण्याचा आहे.