लोलक भिंग

लोलक भिंग (प्रिझम भिंग) हे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशकिरणांची दिशा बदलणारे चष्म्याचे भिंग आहे. नेहमीच्या नंबराच्या भिंगामुळे प्रतिमा सुस्पष्ट होते. लोलक भिंगामुळे ती स्पष्ट होत नाही, तर तिची जागा सरकते. त्याचा मुख्य उपयोग दुहेरी दृष्टीवर केला जातो.

== कार्य ==
लोलकाची एक कड जाड (पाया) व दुसरी पातळ (शिरोभाग) असते. अपवर्तनामुळे प्रकाश पायाकडे वळतो, म्हणून पाहणाऱ्याला वस्तू शिरोभागाकडे सरकलेली दिसते. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिअक्षांचा मेळ नसेल, तर एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लोलकामुळे त्या जवळ येतात आणि मेंदू त्यांचे एकत्रीकरण करू शकतो. डोळा आत वळलेला असल्यास पाया कानाच्या बाजूस, बाहेर वळलेला असल्यास नाकाच्या बाजूस ठेवतात.

== मापन ==
लोलकाची शक्ती 'लोलक डायॉप्टर' या एककात मोजतात. हे एकक अमेरिकेतील चार्ल्स प्रेंटिस यांनी १८९० मध्ये सुचवले. १ लोलक डायॉप्टरमुळे १ मीटर अंतरावरील प्रतिमा १ सेंटिमीटर सरकते. आवश्यक शक्ती बहुधा दोन्ही डोळ्यांत विभागतात, त्यामुळे भिंगांची जाडी कमी राहते. अधिक शक्तीसाठी भिंगावर चिकटवण्याचा पातळ फ्रेनेल लोलक वापरतात. मात्र त्यातून थोडे धूसर दिसते.

== नकळत निर्माण होणारा लोलक ==
साध्या भिंगाचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर नसल्यास तेही लोलकासारखे वागते. मध्य किती सेंटिमीटर सरकला आहे, त्यास भिंगाच्या नंबराने गुणले असता ही शक्ती मिळते. ४ नंबराचे भिंग ५ मिलिमीटर सरकल्यास २ लोलक डायॉप्टरचा परिणाम होतो. यामुळे डोकेदुखी, डोळ्यांवर ताण किंवा दुहेरी दृष्टी उद्भवू शकते. म्हणून चष्मा बनवताना दोन बाहुल्यांमधील अंतर मोजणे महत्त्वाचे असते.

== मेंदूचे जुळवून घेणे ==
प्रतिमा उजवीकडे सरकवणारा चष्मा लावून वस्तूकडे बोट नेल्यास ते प्रथम उजवीकडे चुकते. काही प्रयत्नांनंतर नेम सुधारतो. चष्मा काढल्यावर मात्र तो काही काळ डावीकडे चुकतो. हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकात या परिणामाचा अभ्यास केला. पक्षाघातानंतर डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णांना या पद्धतीने लाभ झाल्याचे रोसेट्टी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

== मर्यादा ==
लोलक भिंगाने तिरळेपणा बरा होत नाही. चष्मा असेपर्यंतच त्याचा परिणाम राहतो. एक डोळा झाकल्यावरही दोन प्रतिमा दिसत असतील, तर कारण बहुधा मोतीबिंदू किंवा बुबुळाचा दोष असते व तेथे लोलकाचा उपयोग होत नाही. अचानक सुरू झालेली दुहेरी दृष्टी मज्जातंतूचा विकार किंवा पक्षाघात यांचे लक्षण असू शकते. अशा वेळी चष्मा बनवण्याआधी तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

== सातारा व सांगली जिल्हे ==
लोलकाची शक्ती व दिशा नेत्रतपासणीनंतर ठरवली जाते. सांगली जिल्ह्यात मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६२) आणि सातारा जिल्ह्यात कराड येथील कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८४) येथे नेत्ररोग विभाग आहेत.