पन्नास वॅटचा प्रश्न : काळाचौकीच्या हवेवर हक्क कोणाचा?

१९२७ हे साल आपल्याला महाडमुळे पाठ आहे. २० मार्चला चवदार तळे, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत आणखी एक गोष्ट सुरू झाली. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. दीड किलोवॅटचा ट्रान्समीटर होता आणि रेडिओ बाळगण्याच्या परवान्याला वर्षाला दहा रुपये लागत. कंपनी १९३० मध्ये बुडाली, तेव्हा देशभरातले परवाने आठ हजारांच्या आतच होते. म्हणजे रेडिओ आला तो बंगल्यात आणि क्लबात आला. चाळीत तो नंतर आला, आणि आला तोही ऐकण्यापुरताच.

आमचा मुद्दा असा की मुंबईच्या रेडिओचा इतिहास 'किती वाहिन्या वाढल्या' असा मोजून कळत नाही. बोलले कोण आणि ऐकत राहिले कोण, असे विचारले तरच तो कळतो.

तोंडाचा विटाळ

काळाचौकी, लालबाग, शिवडी, परळ हा गिरण्यांचा पट्टा. इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या काळाचौकीत होत्या. या पट्ट्यातल्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंगखात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या साचाखात्यात प्रवेश नसे. कारण सांगितले जाई ते असे : धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागतो, मग महाराचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसे लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि साचाखाते खुले करण्याची मागणी लावून धरली.

हात चालतील, तोंड चालणार नाही, हा जातीचा जुना नियम आहे. छापखान्यात तो होताच. १९२० मध्ये परळच्या पोयबावडीतून निघालेल्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. रेडिओवर 'महारांना बंदी' अशी पाटी कोणी लावली नाही. तिथे नियम लागला तो 'दर्जा' या नावाने.

आकाशवाणीचा दर्जा

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. हे वाद्य परदेशी, भारतीय श्रुतींना न मानवणारे, असा युक्तिवाद होता. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. आता आठवा, आंबेडकरी जलशात साथीला काय असे? पेटी, ढोलकी आणि टाळ. जलशाला रोखण्यासाठी ती बंदी घातली, असे आम्ही म्हणत नाही. पण दर्जाची व्याख्या करणारे हात ज्या घरांतून आले, त्या घरांच्या कानाला जे शुद्ध वाटले तेच देशाचे संगीत ठरले.

१९५२ मध्ये प्रसारणमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी चित्रपटगीतेही जवळपास हद्दपार केली. लोक आकाशवाणी सोडून रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिरातीही आल्या. रेडिओचा साचा पहिल्यांदा बदलला तो असा. श्रोत्यांनी सुई फिरवली आणि मंत्र्याचा दर्जा हरला. पण श्रोत्याला निवडीचा अधिकार मिळाला तो शास्त्रीय संगीत की सिनेमा एवढाच. स्वतःचे गाणे हवेवर सोडण्याचा अधिकार त्यात नव्हता.

त्याच दशकात १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्राने दर आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायण' ऐकवले. ५६ गीते झाली. घराघरांत लोक रेडिओला हार घालून बसत, असे कौतुकाने सांगितले जाते. गदिमा आणि बाबूजींच्या कलेबद्दल आमची तक्रार नाही. पण हे गीतसत्र १९५६ च्या एप्रिलमध्ये संपले आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. या महाराष्ट्रात त्या वर्षी घडलेली सर्वात मोठी सांस्कृतिक घटना कोणती, हे इतिहासाला विचारा. ती घटना गावोगाव पोचवली ती भीमशाहिरांनी, जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या घशाने.

बाबासाहेबांना रेडिओची ताकद ठाऊक होती. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून उसने घेतलेले नसून बुद्धाकडून घेतलेले आहे. १९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवरून त्यांनी बुद्ध धम्म आपल्याला का प्रिय आहे, हे जगाला सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाला माइक मिळाला. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहून अक्षरे शिकलेल्या वामनदादा कर्डकांची गाणी मात्र लोकांनी आधी मैदानात ऐकली आणि मग कॅसेटवर. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर मांडलेली कॅसेटची दुकाने हेच अनेक वर्षे आपले 'केंद्र' होते.

एफएम आले, साचे बदलले

१९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई-दिल्लीच्या एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. १९९८ मध्ये ते बंद झाले आणि मग लिलाव आला. पहिल्या टप्प्यात मुंबईतल्या एका वाहिनीची परवाना फी वर्षाला पावणेदहा कोटी रुपये होती, शिवाय दर वर्षी १५ टक्के वाढ. २००२ मध्ये मुंबईत मिर्ची, रेड, सिटी, विन, गो अशी नावे ऐकू येऊ लागली. ओझे पेलेना, 'विन' बंद पडले. २००५ मध्ये सरकारने धोरण बदलून उत्पन्नाचा वाटा घ्यायला सुरुवात केली. तरी बोली चढतच गेली आणि २०१५ च्या लिलावात मुंबईतील एका फ्रिक्वेन्सीची किंमत शंभर कोटींच्या पुढे गेली.

एवढे पैसे भरणारा प्रयोग करत नाही, तो खात्रीचा माल विकतो. 'गो ९२.५' इंग्रजी वाहिनी म्हणून निघाली आणि काही वर्षांत 'रेडिओ वन' झाली. २००७ मध्ये खास स्त्रियांसाठी, गप्पांवर आधारित 'म्याँव १०४.८' आली. तीन-एक वर्षांत तिची 'ओये' झाली, पुढे तीच फ्रिक्वेन्सी 'इश्क' झाली. कधी नवी हिंदी गाणी, कधी जुनी हिंदी गाणी. नाव, घोषवाक्य आणि निवेदकाचा सूर बदलतो, पण माल एकाच गोदामातून येतो. स्त्रियांच्या बोलण्याला जिथे तीन वर्षांपेक्षा जास्त आयुष्य मिळाले नाही, तिथे गिरणीतून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगाराला किंवा सफाई कामगार बाईला कोण जागा देणार? १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर हा पट्टा मोडला, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. एफएमच्या भाषेत आमचा भाग आता एकाच शब्दात येतो : ट्रॅफिक. ६ डिसेंबरला तर हमखास.

छोटा ट्रान्समीटर दोन प्रकारचा असतो

लिलाव श्रीमंतांचा असेल, पण कमी शक्तीचा छोटा ट्रान्समीटर तर स्वस्त आहे. मग अडचण कुठे आहे?

छोटे यंत्र दोन कामे करू शकते. दुसऱ्या केंद्राचा आवाज पकडून तो पुढे फेकणे, हे रिले. किंवा स्वतःच्या वस्तीचा आवाज हवेवर सोडणे, हे केंद्र. वॅट सारखेच, राजकारण उलटे.

अमेरिकेत हे स्पष्ट दिसले. २००० मध्ये तिथल्या प्रसारण आयोगाने १०० वॅटपर्यंतच्या बिगरनफा केंद्रांना वाट खुली केली. बड्या प्रसारकांनी 'आमच्या प्रक्षेपणात अडथळा येईल' म्हणत संसदेकडून ती वाट अरुंद करून घेतली, आणि ती पुन्हा रुंद व्हायला २०११ उजाडले. दरम्यान २००३ मध्ये रिले यंत्रांसाठी अर्ज मागवले तेव्हा तेरा हजारांवर अर्ज आले. दूरच्या मोठ्या प्रसारकांचा आवाज पुढे फेकणाऱ्या यंत्रांनी गावोगावच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सी अडवल्या. तरीही फ्लोरिडातल्या इमोकली गावच्या टोमॅटो तोडणाऱ्या शेतमजुरांनी स्वतःचे छोटे केंद्र चालवून दाखवले.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी १०० वॅटच्या ९१ एफएम ट्रान्समीटरचे एकाच वेळी उद्घाटन केले. दोनच दिवसांनी 'मन की बात'चा शंभरावा भाग होता. ही यंत्रे आकाशवाणीचा कार्यक्रम पुढे पोचवतात. दुर्गम भागात रेडिओ पोचला, हे चांगलेच झाले. पण तिथल्या माणसाचे मन दिल्लीला ऐकू जाईल अशी सोय त्या यंत्रात नाही.

ठराव झाला, तळे बंदच

कायदा आपल्या बाजूने नाही असे कोणी समजू नये. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. जीवन रेड्डी यांच्या पीठाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १६ नोव्हेंबर २००६ ला सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांसाठीही खुला झाला : ५० वॅटचा ट्रान्समीटर, पाच-दहा किलोमीटरचा टप्पा, निम्मा कार्यक्रम स्थानिक.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. तरी तळे बंदच होते. तसेच हे आहे. सामुदायिक रेडिओसाठी किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था हवी, गृहखात्याची मंजुरी हवी, फ्रिक्वेन्सीसाठी वेगळ्या खात्याची पायरी चढायला हवी. २०१२ मध्ये स्पेक्ट्रम शुल्क एकदम कित्येक पट वाढवले गेले आणि देशभरातल्या केंद्रांनी विरोध केल्यावर मागे घेतले गेले. शिक्षणसंस्थांना हे जमते. मुंबई विद्यापीठाचे 'मस्ट रेडिओ' २००८ पासून कलिन्याहून बोलते आहे. चाळीतल्या मंडळाला हे सोपे नाही.

आणि सगळ्यात मोठे कुलूप बातमीवर आहे. खासगी एफएमला आणि सामुदायिक रेडिओला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचीच बातमी लावायची, एवढीच मुभा. २००६ च्या त्या नोव्हेंबरात महाराष्ट्र का पेटला होता ते आठवा. २९ सप्टेंबरला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. प्रस्थापित माध्यमांनी कित्येक आठवडे ती दडपली, लोक रस्त्यावर आले तेव्हा जाग आली. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या धोरणाने सांगितले : रेडिओ काढा, पण बातमी सांगू नका. म्हणजे भंडाऱ्यात तेव्हा आपले केंद्र असते, तरी खैरलांजी हा शब्द उच्चारताना निवेदकाने परवान्याकडे पाहिले असते.

मग काय करायचे?

'आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, रेडिओ कशाला?' असे विचारणारे भेटतात. मोबाइलवर काय आधी दिसावे हे कंपनी ठरवते, आणि तिथे बोलणाऱ्याला शेजारचा माणूस ऐकतो आहे की नाही हे कळत नाही. छोटा रेडिओ फक्त शेजाऱ्यालाच ऐकू जातो, हीच त्याची ताकद आहे. आज काळाचौकीत अभ्युदयनगरचा पुनर्विकास आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींना योजना मिळाली, पण शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर म्हणून मागे राहिल्या. संक्रमण शिबिर, भाडे, करारनामा या शब्दांवर हजारो कुटुंबांचे आयुष्य टांगलेले आहे आणि माहिती मिळते ती बिल्डरच्या पत्रकातून. आजच्या नियमांत 'उद्या पाणी येणार नाही' हे सांगता येईल. 'का येणार नाही' हे अधिकाऱ्याला विचारले, तर ती बातमी ठरण्याची भीती.

हे जमत नाही असे नाही. तेलंगणातल्या माचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ पासून संगम रेडिओ चालतो. तो चालवणाऱ्या दलित स्त्रिया आहेत. बियाणे, पाऊस, मजुरी, गाणी, सगळे त्यांच्या बोलीत. भूमिहीन शेतमजुरांच्या घरातल्या मुली ध्वनिमुद्रण आणि संपादन करतात. ज्या तोंडाचा विटाळ मानला गेला, त्या तोंडाने केंद्र चालवले.

आमच्या मागण्या सरळ आहेत. सामुदायिक रेडिओवरची बातमीबंदी उठवा. महानगरात फ्रिक्वेन्सी लिलावात काढण्याआधी वस्त्यांसाठी काही राखून ठेवा. अनुसूचित जाती-जमातींच्या संस्थांना यंत्रसामग्रीसाठी समाजकल्याणच्या निधीतून मदत द्या. दुसरी बाजू आपल्या हातात आहे. या पट्ट्यात बुद्धविहारांचे नोंदणीकृत ट्रस्ट आहेत, महिला मंडळे आहेत. त्यातल्या ज्यांच्याकडे तीन वर्षांचे काम आणि हिशेब आहेत, त्यांनी एकत्र येऊन अर्ज करावा. नाकारला तर कारण लेखी मागावे, ते माहिती अधिकारात बाहेर काढावे.

२६ नोव्हेंबर २०१० ला नायगावचे विठ्ठल उमप नागपुरात लॉर्ड बुद्धा टीव्हीच्या उद्घाटनाच्या मंचावर गेले असताना कोसळले आणि त्यांनी अखेरचा श्वास घेतला. आयुष्यभर दुसऱ्याच्या माइकवर गाणारा शाहीर अखेरीस आपल्या माणसांच्या वाहिनीला आशीर्वाद द्यायला गेला होता. शिवडी, लालबाग, परळ आणि नायगावला पुरेल एवढा आवाज ५० वॅटमध्ये असतो. अर्ज करण्याची तयारी असलेल्या संस्थांनी आम्हाला कळवावे, कागदपत्रांना आम्ही सोबत बसू.

जयभीम!