ओठ, दात आणि स्नायू : एका कार्यकारणप्रश्नाचा इतिहास

मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी वरचे दात पुढे आलेल्या शाळकरी मुलांना 'ओठ मिटून बस' ही ताकीद घरी आणि वर्गातही ऐकावी लागते. ओठ सैल सोडण्याच्या सवयीनेच दात पुढे आले, म्हणजे दोष मुलाचा, असे गृहीत तीत दडलेले असते. हे गृहीत केवळ लौकिक नाही. दंतशास्त्रातही ते दीर्घकाळ वावरले. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आयुर्वेदाने मुखरोगांची गणना बारकाईने केली आहे. सुश्रुताने ६५ मुखरोग सांगितले. त्यांत ओठाचे ८ आणि दातांचे ८. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ही संख्या ७५ झाली आणि वेड्यावाकड्या दातांना 'कराल' या नावाने स्वतंत्र स्थान मिळाले. मात्र ओठ आणि दात यांची प्रकरणे वेगळीच राहिली. माधवनिदानाने कराल हा वायूच्या माथी मारून असाध्य ठरविला. निदान मुलाला तरी त्यातून वगळले.

ओठ आणि जीभ यांच्या परस्परविरोधी दाबांतून दातांची जागा ठरते, हा विचार इंग्लंडमध्ये टोम्स यांनी १८७३ मध्ये मांडला. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दंतविषमतेचे वर्गीकरण केले. पुढे आलेल्या वरच्या दातांखाली अडकणारा खालचा ओठ त्यांच्या लेखनात ठळकपणे येतो. आल्फ्रेड रॉजर्स तर १९१८ पासून मुलांना स्नायूंचे व्यायाम देऊ लागले. सवय बदलली की दात बदलतील, ही त्यामागील आशा होती.

या आशेची परीक्षा इलेक्ट्रोमायोग्राफीने, म्हणजे स्नायूंतील विद्युत्‌क्रियेच्या आलेखनाने, शक्य झाली. रॉबर्ट मॉयर्स यांनी १९४९ मध्ये ती दंतव्यंगोपचारात आणली. त्यांचा भर चर्वणाच्या स्नायूंवर होता. पुढे ओठांवर विद्युदग्रे ठेवली गेली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांचे ओठ सहज मिटत नाहीत त्यांना ते मिटण्यासाठी ओठाभोवतीचा वर्तुळाकार स्नायू आणि हनुवटीचा मेंटॅलिस स्नायू यांना अधिक राबवावे लागते. हनुवटीवर बारीक खळगे उमटतात ते त्यामुळेच. म्हणजे ओठ मिटून बसलेला मुलगा आळशी नसतो, तो श्रम करीत असतो. हा ताण पुष्कळदा दातांच्या ठेवणीचा परिणाम असतो, कारण नव्हे.

विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये संतुलनाच्या सिद्धान्ताची फेरतपासणी केली. बोलताना वा गिळताना पडणाऱ्या क्षणिक, जोरदार दाबापेक्षा विश्रांतीत सतत राहणारा हलका दाब अधिक परिणामकारक, हे त्यांचे प्रतिपादन होते. ताकीद मिळाल्यावर चार मिनिटे मिटलेल्या ओठांचे मोल यावरून कळावे. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, व्हिग आणि कोहेन यांनी ओठांची उभी वाढ किशोरवयातही चालू राहते आणि त्यांच्यातील फट वयाबरोबर कमी होत जाते, असे दाखविले. नवव्या वर्षी न मिटणारे ओठ सतराव्या वर्षी आपसूक मिटू शकतात. प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष साऱ्या इतिहासात अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पालकांपर्यंत तोच सर्वांत कमी पोहोचला आहे.

आहाराचा मुद्दा मंगळवेढ्यात टाळता येणार नाही. येथील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९८०च्या दशकात उत्तर भारतातील ग्रामीण आणि शहरी तरुणांची तुलना करून मऊ अन्न आणि दंतविषमता यांचा संबंध सुचविला. म्हणून भाकरीने दात सरळ होतात असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु भाकरी चावताना मुख्यत्वे राबतो तो जबड्याचा चर्वणस्नायू, ओठाचा नव्हे. आणि आमटीत कुस्करलेल्या भाकरीला त्याचेही फारसे काम पडत नाही.